छोट्या जागेत ट्रंपेट वाजवायचाय? मग म्यूट कुठला घ्यायचा ते बघू

लग्नाच्या वरातीत ट्रंपेटवाल्याला कोणी आवाज कमी कर म्हणत नाही. पण हल्ली जुन्या हिंदी-मराठी गाण्यांचे छोटे कार्यक्रम खूप होतात, सोसायटीचा हॉल, कॅफेचा कोपरा, कुणाच्या तरी घरची चाळीस-पन्नास माणसांची मैफल, आणि तिथे ट्रंपेटचा पहिला पीस वाजला की गायिका मागे वळून बघते आणि पहिल्या रांगेतल्या काकू कानावर हात ठेवतात. मग ग्रुपमधला कोणीतरी सांगतो, "अरे म्यूट घे ना." कुठला घे ते मात्र कोणी सांगत नाही. ऑनलाइन बघायला गेलं तर स्ट्रेट, कप, हार्मन, बकेट, प्लंजर, प्रॅक्टिस, शिवाय प्रत्येकाच्या धातूच्या आणि फायबरच्या आवृत्त्या, आणि सगळ्यांच्या खाली "आवाज कमी करतो" असं लिहिलेलं. मी या सगळ्यातून गेलोय, आता बऱ्याच छोट्या जागांमध्ये वाजवतो, म्हणून नवीन लोकांसाठी हे लिहितोय.

एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात पक्की करा. म्यूट, म्हणजे ट्रंपेटच्या तोंडात बसवायचा किंवा त्यापुढे धरायचा अडथळा, हे आवाजाचं बटण नाही. तो आधी आवाजाचा रंग बदलतो, त्याबरोबर सूर हलवतो, फुंकेला अडवतो, आणि हे सगळं करताना आवाजही कमी होतो, तो कधी खूप, कधी अगदीच थोडा. "सगळ्यात हळू वाजणारा कुठला" असं विचारत गेलात तर हमखास चुकीचा म्यूट हातात येणार.

१. आधी ठरवा, त्रास नक्की कुणाला होतोय

तीन वेगळी माणसं असू शकतात: समोरचे श्रोते, स्टेजवरचे आपलेच लोक, किंवा घरी रियाज करताना शेजारी. तिघांसाठी उत्तर वेगळं आहे.

शेजाऱ्यांचा प्रश्न असेल तर कार्यक्रमाचा म्यूट उपयोगाचा नाही, त्याला प्रॅक्टिस म्यूटच लागतो. ट्रंपेट जोरात वाजवला तर बेलच्या (पुढच्या रुंद तोंडाच्या) समोर १०० डेसिबल सहज पार होतात, आणि २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ४५ डेसिबल धरलेत. म्हणजे कप म्यूट लावून रात्री साडेदहाला गॅलरीत वाजवत बसलात तर सेक्रेटरी येणारच, आणि तो बरोबरच असेल.

स्टेजवरच्या लोकांचा प्रश्न असेल तर नव्वद टक्के वेळा तुम्ही चुकीच्या ठिकाणी उभे असता. ते पुढच्या मुद्द्यात.

श्रोत्यांचा प्रश्न असेल, तर बाकीचा लेख तुमच्यासाठी.

२. पैसे घालवण्याआधी फुकटचे उपाय करून बघा

ट्रंपेटचा आवाज, विशेषतः वरचा टोकदार भाग, बेलच्या नाकासमोर सरळ रेषेत जातो. समोर काच किंवा टाइल्सची भिंत असली तर तसाच परत येतो. त्यामुळे गायिकेच्या पाठीवर बेल रोखून उभं राहू नका, बाजूला सरका, बेल थोडी खाली करा, पडदा असेल तर तिकडे तोंड करा. नोटेशनच्या स्टँडवर जाडसर टॉवेल किंवा शाल टाकून बेल त्यात रोखली तर आवाजाची धार लगेच मरते आणि सूर तसाच राहतो, कारण बेलमध्ये काहीच घातलेलं नाही. जाड कापडी टोपी बेलवर सैल अडकवली तरी असंच काहीतरी होतं. दिसायला विनोदी दिसतं, पण चालतं.

आणखी एक. फ्लुगलहॉर्न (ट्रंपेटचाच जरा जाड नळीचा भाऊ) मिळत असेल तर वाजवून बघा. बोटं तीच, पट्टी तीच, आवाज मुळातच गोल. जवळच्या कोणाकडे असेल तर कार्यक्रमापुरता मागून आणा, काही जणांना त्यानंतर म्यूटची गरजच पडत नाही.

आणि हो, हळू वाजवता येणं ही वेगळी मेहनत आहे. लांब सूर अगदी बारीक आवाजात, न थरथरता. हे जमत नसेल तर म्यूटमध्ये अजून जमणार नाही, कारण म्यूट फुंक अडवतो, फुंक अडली की माणूस नकळत जोर लावतो, आणि मग होतं काय की म्यूट लावूनही आवाज तेवढाच आणि वरून कर्कश.

३. प्रकार ओळखून घ्या

स्ट्रेट. शंकूसारखा, पुढून बंद, मानेवर कॉर्कच्या तीन पट्ट्या, मधल्या फटीतून आवाज बाहेर येतो. खालचे स्वर गाळतो, वरचे जाऊ देतो, म्हणून आवाज पातळ आणि नाकातून आल्यासारखा. सगळ्यात पहिला हाच घ्या असं बरेच जण सांगतात, ऑर्केस्ट्राच्या नोटेशनमध्ये नुसतं "म्यूट" लिहिलं असेल तर बहुतेक वेळा हाच असतो हेही खरं. पण छोट्या खोलीसाठी हा वाईट पर्याय आहे, हे मी स्पष्टच सांगतो. अ‍ॅल्युमिनियमच्या स्ट्रेटमधून जरा जोर लावला की आवाज भिंतीत खिळा ठोकल्यासारखा जातो. फायबरचा थोडा सौम्य असतो.

कप. स्ट्रेटच्याच पुढे एक वाटी, तिचं तोंड बेलकडे, बऱ्याच मॉडेलमध्ये आत फेल्ट किंवा फोम. वरची धार शोषली जाते, आवाज मऊ आणि जरा जुन्या रेडिओवरच्यासारखा येतो. काहींची वाटी पुढे-मागे सरकते: जवळ आणली की आवाज हळू आणि दबका, लांब नेली की मोकळा. छोट्या जागेत ही सोय सोन्यासारखी आहे.

बकेट. कापूस किंवा फोम भरलेला डबा. जुन्या पद्धतीचा स्प्रिंगच्या आकड्यांनी बेलच्या कडेला लटकतो, नवीन काही बेलच्या आत बसतात. फुंक जवळजवळ अडत नाही, आवाज फ्लुगलहॉर्नच्या बाजूला झुकतो. स्लो गाण्यांना फार सुंदर. अडचण अशी की आकड्यांचा बकेट लावायला-काढायला वेळ लागतो, वजनाने बेल खाली ओढली जाते आणि घाई केली तर कडेची लॅकर खरवडते.

हार्मन. धातूचा फुगीर डबा, मानेभोवती कॉर्कची पूर्ण रिंग, फट कुठेच नाही, म्हणजे सगळी हवा म्यूटमधूनच जाते. मध्ये एक नळी असते, ती ठेवून पुढे हात उघड-बंद केला की "वा-वा" येतो, नळी काढून टाकली की तो एकटा-एकटा, कुजबुजता आवाज. जॅझ ट्रंपेटवाल्या माइल्स डेव्हिसचा १९५०च्या दशकातला तो प्रसिद्ध आवाज म्हणजे नळी काढलेला हार्मन आणि त्याला अगदी चिकटून माइक. माइक हा त्यातला अर्धा भाग आहे हे लोक विसरतात. माइकशिवाय हार्मनचा आवाज तिसऱ्या रांगेत पोचेपर्यंत संपलेला असतो.

प्लंजर. सिंक तुंबल्यावर वापरतात तो रबरी पंप, दांडा काढून. हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, कृपया नवीन घ्या. अमेरिकन जॅझवाल्या ड्यूक एलिंग्टनच्या ऑर्केस्ट्रातले बबर मायली आणि कूटी विल्यम्स यांनी या रबराच्या तुकड्यातून ट्रंपेटला अक्षरशः बोलायला लावलं. पण तो हावभावांसाठी आहे, आवाज कमी करण्यासाठी नाही.

प्रॅक्टिस. फक्त घरासाठी. हवेला बाहेर पडायला बारीकशी वाट, त्यामुळे आवाज खूपच कमी, पण फुंक प्रचंड अडते, सूर चढतो, खालचे सूर डगमगतात. कार्यक्रमात हा लावून उभं राहिलात तर तुम्हाला वाटेल आपण वाजवतोय, लोकांना वाटेल शेजारच्या खोलीत कुणीतरी वाजवतंय. यामाहाची सायलेंट ब्रास पद्धत याच घरातली: म्यूटच्या आत माइक, बाहेर छोटा डबा, कानाला हेडफोन. रियाजाला मस्त, महाग आहे. मात्र रोजचा सगळा रियाज प्रॅक्टिस म्यूटवर करू नका, जोर लावायची सवय लागते आणि म्यूट काढल्यावर सूर कुठे बसतो हे ओठ विसरतात.

४. मग पहिला कुठला?

माझं मत: सरकत्या वाटीचा कप. डेनिस विकचा असा कप म्यूट बऱ्याच जणांकडे दिसेल (हे डेनिस विक स्वतः लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रात ट्रॉम्बोन वाजवायचे), त्याची वाटी काढली की उरलेला भाग स्ट्रेट म्हणूनही चालतो, म्हणजे एकात दोन. ह्यूम्स अँड बर्गचे फायबरचे म्यूट वजनाला हलके असतात आणि पडले तर त्यांना पोचा येत नाही, पण त्यांचा साधा कप घेतलात तर वाटी सरकवायची सोय नाही हे लक्षात ठेवा.

दुसरा म्यूट तुमच्या गाण्यांवर ठरवा. माइक नेहमी मिळतो आणि स्लो, क्लबच्या ढंगाची गाणी जास्त असतील तर हार्मन. माइक नाही, नुसता कीबोर्ड-गिटार आणि गायक, तर बकेट. दोन्ही एकदम घेऊ नका. एका म्यूटवर दोन-तीन महिने वाजवल्याशिवाय आपल्याला काय कमी पडतंय ते कळत नाही.

या आवाजाशी आपला जुना संबंध आहे, बरं का. मुंबईच्या हॉटेलांतल्या जॅझ बँडमध्ये गोव्याचे वादक होते, ताजमध्ये वाजवणारे चिक चॉकलेट त्यातले सगळ्यात गाजलेले, आणि त्यांच्यासारखे कितीतरी जण पुढे हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला गेले. म्हणून जुन्या क्लब साँगमधला दबका ट्रंपेट ऐकताना नीट कान द्या: पातळ आणि झणझणीत असेल तर हार्मन, मऊ असेल तर कप. ज्या गाण्यांचे पीस तुम्ही वाजवणार आहात त्यांचं मूळ रेकॉर्डिंग ऐकून म्यूट ठरवणं हा सगळ्यात सरळ रस्ता.

५. विकत घेताना

दुकानात स्वतःचा ट्रंपेट घेऊन जा. तिथला ट्रंपेट हातात घेऊन म्यूट तपासण्यात काही अर्थ नाही, बेलचा घसा प्रत्येक कंपनीचा थोडा वेगळा असतो, आणि आपल्याकडचे मेरठ बनावटीचे ट्रंपेट असतील तर हा फरक जास्तच जाणवतो. कॉर्नेट किंवा पॉकेट ट्रंपेट असेल तर ट्रंपेटचा म्यूट कॉर्क घासून कधीकधी बसतो, फ्लुगलहॉर्नला मात्र वेगळाच लागतो.

सोबत न्यायचं:
- स्वतःचा ट्रंपेट आणि नेहमीचा माउथपीस
- ट्यूनर, मोबाइलवरचा चालेल
- बेल पुसायला सुती फडकं
- एक मित्र, जो दहा-बारा फूट लांब उभा राहून ऐकेल

हा मित्र महत्त्वाचा आहे. म्यूट लावल्यावर तुमच्या कानाला येणारा आवाज आणि समोर जाणारा आवाज यात खूप फरक असतो. हार्मन वाजवणाऱ्याला जेमतेम ऐकू येतो, म्हणून तो जोर लावतो.

तपासताना धून वाजवू नका. खालच्या सा पासून वरच्या सा पर्यंत सावकाश जा, मग त्याच्याही खाली. स्टाफच्या (नोटेशनच्या पाच रेघांच्या) खालचे सूर हीच प्रत्येक म्यूटची परीक्षा असते: तिथे सूर फाटतो का, अचानक उडी मारतो का, नीट लागतो का. मग तेच अगदी हळू. ऑनलाइन घेणार असाल तर परत करायची सोय आहे का बघा, आणि कॉर्क घासला की कोणी परत घेत नाही, हेही.

६. कॉर्क बसवणं

नवीन म्यूट बहुतेक वेळा बेलमध्ये पुरेसा आत जात नाही, कारण कॉर्क मुद्दाम जाड ठेवलेले असतात. लोक इथेच म्यूट खराब आहे म्हणून परत करतात. तसं नसतं. बारीक सँडपेपर घ्या आणि तिन्ही पट्ट्या सारख्या घासा, दोन-चार हात मारले की लावून बघा, पुन्हा घासा. सगळं एका बैठकीत करू नका, कॉर्क कमी करता येतो, वाढवता येत नाही. जास्त घासला गेला तर म्यूट खूप आत जातो, आवाज कोंडतो आणि नवीन कॉर्क चिकटवावा लागतो.

हार्मनच्या रिंगला शक्यतो हात लावू नका. तिथे बारीक फट पडली तरी हवा निसटते आणि तो आवाज येतच नाही.

लावायची पद्धत अशी: बेलमध्ये तोंडाने गरम वाफ सोडा, आरशावर सोडतो तशी, म्हणजे आत थोडा ओलावा येतो, मग म्यूट आत ठेवून हलकासा पिळा. पिळल्याशिवाय नुसता दाबलात तर मधल्याच अंतऱ्यात खाली पडेल, आणि लाकडी स्टेजवर धातूचा म्यूट पडल्याचा आवाज ट्रंपेटपेक्षा मोठा असतो. काढतानाही पिळूनच काढा.

७. सूर

बहुतेक म्यूट सूर चढवतात. स्ट्रेट थोडा, हार्मन आणि प्रॅक्टिस जास्त. कपचं मात्र विचित्र आहे, वाटी फार जवळ आणली की काही सूर उलट उतरतात. म्हणून ट्यूनरवर प्रत्येक म्यूटसाठी मेन ट्यूनिंग स्लाइड (सूर जुळवायची सरकती नळी) किती बाहेर काढायची ते एकदा बघून घ्या आणि पेन्सिलने स्लाइडवर बारीक खूण करा. म्यूट काढला की स्लाइड परत आत, हे विसरलात तर पुढचं अख्खं गाणं उतरलेलं जाणार.

आपल्या कार्यक्रमांत हा प्रश्न जास्त टोचतो कारण समोर हार्मोनियम किंवा कीबोर्ड असतो. ते जागचे हलत नाहीत, हलायचं आपल्यालाच. त्यात हॉलमध्ये एसी जोरात असेल तर ट्रंपेट थंड पडून सूर उतरतो आणि म्यूटमुळे चढतो, दोन्ही एकमेकांना कापतील अशी आशा करू नका, वाजवायच्या आधी ट्रंपेटमधून गरम हवा सोडत राहा.

पट्टीचाही विचार करा. बी फ्लॅट ट्रंपेटचा सी म्हणजे काळी पाच. गायिकेने ऐनवेळी पट्टी खाली घेतली की तुमचा पीस स्टाफच्या खाली जातो आणि तिथे हार्मन दगा देतो. तो पीस वरच्या सप्तकात घ्या नाहीतर कप लावा, हे तालमीतच ठरवून टाका.

८. माइक आणि साउंडवाला

छोट्या जागेत बकेट आणि कप माइकशिवाय चालतात. माइक असेलच तर वीतभर लांब राहा. हार्मनला मात्र माइक जवळ हवा, अगदी दोन-तीन बोटांवर, म्हणजे तो झणझणीतपणा खालच्या ऊबेसकट येतो. साधा एसएम ५७ किंवा ५८ पुरतो, महागडा माइक मागू नका.

इथला सगळ्यात मोठा धोका असा: साउंडवाल्याने हार्मनसाठी तुमचा आवाज वाढवून ठेवलेला असतो, पुढच्या गाण्यात तुम्ही म्यूट काढता आणि त्याच माइकवर उघडा ट्रंपेट फुंकता. स्पीकर, श्रोते, सगळेच उडतात. म्हणून साउंड चेकला दोन्ही वाजवून दाखवा, म्यूट लावून आणि काढून, कुठल्या गाण्यात काय ते कागदावर लिहून त्याच्या टेबलवर चिकटवा, आणि तरीही उघडा वाजवताना स्वतः दोन पावलं मागे जा. त्याचं लक्ष चहाकडे असू शकतं.

मॉनिटरमध्ये (वादकांकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये) स्वतःचा आवाज थोडा मागून घ्या, नाहीतर न ऐकू आल्यामुळे पुन्हा जोर लागतो.

९. प्रत्यक्ष कार्यक्रमात

म्यूट लावायला-काढायला किती मात्रा लागतात ते तालमीत मोजा. एका हातात ट्रंपेट, दुसऱ्याने म्यूट, हे सुरुवातीला वाटतं त्यापेक्षा हळू होतं. वेळ कमी असेल तर पीसचा शेवटचा सूर सोडून द्या, गिटारवाल्याला सांगा तो भरेल, लोकांना कळतही नाही. म्यूट जमिनीवर ठेवू नका, कोणाचा तरी पाय लागतो आणि तो घरंगळत गायकाच्या पायाशी जातो. स्टँडला अडकवायचा होल्डर मिळतो, नसेल तर शेजारच्या खुर्चीवर टॉवेल टाका, त्यावर ठेवा.

प्रत्येक गाण्याला म्यूट लावू नका. दोन तासांच्या कार्यक्रमात चार-पाच गाणी पुरे. सतत दबका ट्रंपेट ऐकला की लोकांना तो कीबोर्डचा आवाज वाटायला लागतो, आणि एखाद्या धमाल गाण्याला उघडा ट्रंपेट हवाच, फक्त बेल टॉवेलकडे.

१०. पावसाळ्यात सांभाळणं

मुंबई-कोकण-गोव्याकडच्यांसाठी हे खास. जून ते सप्टेंबर कॉर्क फुगतो, त्यामुळे उन्हाळ्यात नीट बसणारा म्यूट बाहेर-बाहेर राहतो. लगेच घासायला घेऊ नका, ऑक्टोबरमध्ये तोच सैल होईल. बकेटमधला कापूस आणि कपमधलं फेल्ट ओलं राहिलं तर बुरशी धरते आणि वास येतो, म्हणून कार्यक्रमाहून आल्यावर पंख्याखाली रात्रभर उघडं ठेवा, मगच पिशवीत. सोबत सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका. आणि म्यूट बेलमध्ये ठेवून ट्रंपेट केसमध्ये बंद करू नका, प्रवासात धक्का बसला की म्यूट आत घट्ट रुततो, आणि ओढाताणीत बेलला पोचा आला तर तो काढायचा खर्च म्यूटच्या किमतीपेक्षा जास्त येऊ शकतो.